मराठी चित्रपट व दूरचित्रवाणी निर्मितीचा इतिहास : साधने आणि अभ्यासदृष्टी

प्रस्तावना :
चित्रपटाचा इतिहास म्हणून आपल्या महाविद्यालयांत जे शिकविले जाते, ती बव्हंशी 'पहिल्यां'ची यादी असते. पहिला मूकपट, पहिला बोलपट, त्यांची सालवारी आणि दिग्दर्शकांची नावे सांगितली की विषय संपतो. परंतु चित्रपट हा जसा कलाविष्कार आहे, तसाच तो भांडवल, यंत्र आणि श्रम यांतून उभा राहणारा उद्योगही आहे. पडद्यावर दिसणारे चित्र कोणी, कोठे, कोणत्या साधनांनी व कोणाच्या पैशाने घडविले, हा निर्मितीच्या इतिहासाचा मूलभूत प्रश्न होय. ज्यांची नावे श्रेयनामावलीत नाहीत त्यांच्यापर्यंत पोचावयाचे असेल, तर अभ्यासकाने फितीइतकेच कागद व आठवणी यांनाही साधन मानले पाहिजे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

घरातील निर्मितिगृह :
दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झाला. आज उपलब्ध असलेली या चित्रपटाची रिळे १९१३ ची की १९१७ च्या पुनर्निर्मितीची, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. म्हणजे फीत हाती असूनही ती निर्विवाद पुरावा ठरत नाही. याउलट, फाळके यांनी १९१७-१८ मध्ये 'नवयुग' मासिकात लिहिलेल्या लेखमालेतून भांडवलाची विवंचना आणि प्रारंभीचे प्रयोग यांची माहिती मिळते. विमापत्र तारण ठेवून त्यांनी पैसा उभारला, तर रोप उगवतानाचे चित्रण दाखवून आपल्या कौशल्याची खात्री पटविली.

या उद्योगातील सरस्वतीबाई फाळके यांचा वाटा मात्र मुख्यतः कौटुंबिक आठवणींतूनच पुढे आला. कच्च्या फितीला छिद्रे पाडणे, चित्रित फीत रसायनात धुणे आणि मंडळींचा स्वयंपाक करणे ही सर्व कामे त्यांनी केली. पडद्यावर यांपैकी कशाचीही खूण नाही. केवळ चित्रपट पाहून इतिहास लिहिला असता तर ही स्त्री त्यात आलीच नसती.

कोल्हापूर ते पुणे :
कोल्हापुरात आनंदराव व बाबूराव पेंटर या बंधूंनी स्वदेशी कॅमेरा तयार करण्याचा प्रयत्न केला. आनंदराव १९१६ मध्ये निवर्तले आणि ते काम बाबूरावांनी पूर्ण केले. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' १९२० मध्ये प्रदर्शित झाला. याच कंपनीत व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल व केशवराव धायबर घडले. सीताराम कुलकर्णी यांच्या आर्थिक साहाय्याने त्यांनी १ जून १९२९ रोजी प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली आणि १९३३ मध्ये ती पुण्यास नेली. कोल्हापूरच्या कार्यशाळेतील हस्तकौशल्य अशा रीतीने पुण्याच्या पगारी स्टुडिओत रुजले. 'संत तुकाराम' (१९३६) दामले व फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केला, एवढीच नोंद सामान्यतः आढळते. परंतु ध्वनिमुद्रणातील दामले आणि नेपथ्यातील फत्तेलाल यांचे कार्य दिग्दर्शकांच्या यादीत सामावत नाही. तसेच 'प्रभात'च्या १९३३ च्या रंगीत 'सैरंध्री'च्या प्रती जर्मनीतील प्रयोगशाळेत तयार कराव्या लागल्या. यशापयशाची कारणे अनेकदा कथेत नसतात, ती रसायनशाळेत शोधावी लागतात, हे यावरून स्पष्ट होते.

दूरचित्रवाणीची अडचण :
'प्रभात'च्या आवारातच १९६० मध्ये चित्रपट संस्था सुरू झाली आणि १९७४ मध्ये दिल्लीतील दूरचित्रवाणी प्रशिक्षण विभागही तेथे आला. त्यापूर्वी २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र कार्यान्वित झाले होते. 'चिमणराव'सारख्या मालिका त्या दशकातील घराघरांत पोचल्या. तथापि चुंबकीय फीत महाग असल्यामुळे ती पुसून पुन्हा वापरण्याची प्रथा होती. त्यामुळे प्रारंभीच्या कार्यक्रमांसाठी संहिता, वृत्तपत्रांतील कार्यक्रमपत्रिका आणि तंत्रज्ञांच्या मुलाखती यांवरच भिस्त ठेवावी लागते.

संग्रह आणि मराठवाडा :
१९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. पी. के. नायर यांनी अनेक दुर्मीळ चित्रपट परिश्रमपूर्वक मिळविले. तरीही जानेवारी २००३ च्या आगीत ज्वालाग्राही नायट्रेट फितींचा मोठा साठा नष्ट झाला. २०२२ मध्ये हे संग्रहालय राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आले.

छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) येथील अभ्यासकापुढे आणखी एक प्रश्न उभा राहतो. १९४८ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे त्या काळातील शासकीय कागद मुंबई इलाख्याच्या दप्तरात सापडणार नाहीत. त्यांचा शोध हैदराबादेत घ्यावा लागेल व त्यासाठी उर्दूचे ज्ञान आवश्यक ठरेल. याच संस्थानात धीरेंद्रनाथ गांगुली यांनी लोटस फिल्म कंपनी चालविली. मात्र १९२४ मध्ये 'रझिया बेगम' दाखविल्यानंतर निजामाच्या आदेशाने त्यांना हैदराबाद सोडावे लागले. मराठवाड्यातील चित्रपट-इतिहासाची पार्श्वभूमी म्हणून या घटनेकडे आपले पुरेसे लक्ष गेलेले नाही.

समारोप :
वरील विवेचनावरून असे म्हणता येते की फीत, कागद व स्मृती ही तिन्ही साधने स्वतंत्रपणे अपुरी आहेत. फीत नष्ट होते वा तिच्या काळाविषयी वाद उरतो. कागद व्यवस्थापनाची बाजू अधिक सांगतो. स्मृती घटनांचा क्रम बदलते आणि स्वतःचे कार्य मोठे करते. म्हणून एकाचा पडताळा दुसऱ्याने घेणे अनिवार्य ठरते. इतिहास व वृत्तपत्रविद्या विभागांनी विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून जिल्ह्यातील जुन्या चित्रपटगृहांच्या हिशेबवह्या, हस्तपत्रके आणि यंत्रचालकांच्या मुलाखती जमा केल्या, तर त्यासाठी मोठ्या अनुदानाची गरज भासणार नाही. गरज आहे ती त्वरेची. हस्तपत्रक रद्दीत गेले की एक नोंद हरवते. वृद्ध यंत्रचालक निवर्तला तर जी माहिती कधी लिहिलीच गेली नव्हती ती कायमची संपते.