नव्वद टक्क्यांची नोकरी

1994च्या पावसाळ्यात मी फोर्टातल्या एका मर्चंट बँकरकडे नोकरीला लागलो. आज सगळे इन्व्हेस्टमेंट बँक म्हणतात, तिला तेव्हा आपल्याकडे मर्चंट बँक म्हणत. आमची ‘बँक’ म्हणजे दोन खोल्या, एक फॅक्स आणि सहा माणसं.

शेठनी माझी बी.कॉम.ची मार्कशीट न बघताच बाजूला सारली. राहता कुठे? भाईंदरला. गुजराती येतं? भाईंदर पश्चिमेला वाढलेल्या पोराला न येऊन कसं चालेल! बिल्डिंगमध्ये फ्लॅट किती? अठ्ठावीस. ‘‘सोमवारपासून या.’’ घरी मी सांगितलं, इंटरव्ह्यू छान झाला.

अठ्ठावीस फ्लॅटचं महत्त्व मला पुढे कळलं. 1947च्या भांडवल नियंत्रण कायद्याखाली कंपनीने शेअर किती किमतीला विकायचा, हे दिल्लीतला अधिकारी ठरवायचा. किंमत बहुधा कमीच असायची, त्यामुळे ‘शेअर लागला’ म्हणजे लॉटरीच, ही मध्यमवर्गाची समजूत पक्की झाली. 1992 साली तो कायदा गेला. आता किंमत कंपनी आणि तिचा मर्चंट बँकर ठरवू लागले. समजूत मात्र जुनीच राहिली. 1994-95 या एका वर्षात हजाराहून जास्त इश्यू बाजारात आले, ते या समजुतीवर.

सेबीने मर्चंट बँकरांचे चार वर्ग पाडले होते. इश्यूचा मुख्य व्यवस्थापक व्हायला पहिला वर्ग लागे. चौथा नुसता सल्लागार, त्याला भांडवलाचीही अट नव्हती. आम्ही दुसऱ्या वर्गातले, म्हणजे सह-व्यवस्थापक. आणि खरी मेख अशी, की इश्यू 90 टक्के भरला नाही तर जमलेले सगळे पैसे परत करावे लागत. मोठ्या कंपनीला त्याची फिकीर नसे. आमच्याकडे यायचे ते कोणी नाव न ऐकलेले कारखाने. त्यांची नव्वदी भरायला लोकलने येणारी पोरं हवी होती.

भाईंदर त्यासाठी अगदी सोयीचं. मिठागरांच्या या गावाला 1985मध्ये नगरपरिषद मिळाली, आणि दक्षिण मुंबईतल्या चाळीतली खोली सोडून कितीतरी कुटुंबं इथे आली. खोलीच्या पैशातून फ्लॅट घेऊन थोडं हातात उरलेलं असायचं. ते ‘थोडं’ शेठना ठाऊक होतं, आम्हाला पोरांना नव्हतं. मी फॉर्मांचे गठ्ठे पिशवीत भरून संध्याकाळच्या गाडीने आणायचो. पगार 1800 रुपये. फॉर्ममागचे पैसे वेगळे.

डिसेंबर 1997मध्ये सेबीने खालचे तिन्ही वर्ग रद्द केले. पहिल्या वर्गाला लागणारे पाच कोटी शेठकडे कुठले? फॅक्स विकला गेला, मी एका दुकानात हिशेब लिहू लागलो. नंतर सरकारने ‘गायब कंपन्यां’ची यादी केली. पैसे उभारून पत्ता न ठेवता नाहीशा झालेल्या दोनशेहून जास्त कंपन्या तीत होत्या. आम्ही विकलेली एक त्या यादीत मला सापडली.

तिचं सर्टिफिकेट शेजारच्या काकांच्या कपाटात अजून आहे. पाच हजार रुपये, निवृत्तीनंतरचे. फॉर्मवर सही करताना त्यांनी पेन थांबवून विचारलं होतं, ‘‘तू भरलास ना रे?’’

मी हो म्हणालो होतो. भरला नव्हता.