रोव्हर्स चषक
मुंबईत १८९१ मध्ये सुरू झालेली ही फुटबॉल स्पर्धा बाद पद्धतीने, म्हणजे हरलेला संघ तत्काळ स्पर्धेबाहेर जाईल अशा रीतीने खेळवली जाई. पहिला चषक वूस्टरशायर रेजिमेंटने जिंकला आणि त्यानंतर अनेक दशके ब्रिटिश पलटणींचेच वर्चस्व राहिले. ते १९३७ मध्ये बंगळूर मुस्लिम्स या संघाने मोडले, ही स्पर्धेच्या इतिहासातील सर्वांत मोलाची घटना होय. पुढे सय्यद अब्दुल रहीम यांच्या मार्गदर्शनाखालील हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ असा सलग पाच वेळा चषक पटकावला, आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथ्या आलेल्या भारतीय संघाचे प्रशिक्षकही रहीमच होते. कूपरेज मैदानाशी जोडलेली ही स्पर्धा २०००-०१ नंतर बंद पडली.