चार चाकं ओढतात, थांबवत नाहीत

भंडारा जिल्ह्यात बर्फ पडत नाही. पण रोवणीच्या दिवसांत कन्हार जमिनीतल्या पांदणीवर ज्यानं जीप घातली आहे, त्याला बर्फाची अर्धी शिकवणी मिळालेली असते. स्टेअरिंग वळवलं तरी गाडी सरळच जाते, आणि ब्रेक दाबला की चाकं थांबतात, गाडी थांबत नाही. आता इकडच्या गाड्याही मनाली-लडाखच्या वाटेला लागतात, तेव्हा ही शिकवणी आठवलेली बरी.

चिखल आणि बर्फ यांचं नातं जुनं आहे. धानाच्या बांधीत चिखलणी करताना ट्रॅक्टरला लोखंडी केजव्हील लावतात, कारण नुसतं रबर जागच्या जागी फिरतं. अमेरिकेत हॅरी वीड यांनी १९०४ साली टायरवरच्या साखळीचं पेटंट घेतलं. चिखलात आणि बर्फात लोक चाकांना दोर गुंडाळतात, हे पाहून त्यांना ती सुचली असं सांगतात. बांधीतलं केजव्हील आणि घाटातली साखळी, दोन्हींचं काम एकच: निसरड्या थरात रुतून पकड घेणं.

त्याच्या आदल्याच वर्षी, १९०३ मध्ये, हॉलंडच्या स्पायकर कंपनीनं चारही चाकांना इंजिनाचा जोर देणारी मोटार बनवली. तिला ब्रेकही चारही चाकांना होते. म्हणजे चालवणं आणि थांबवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या एकाच गाडीत दिसत होतं. पुढे दुसऱ्या महायुद्धात विलीज जीप आली. युद्धानंतर महिंद्रांनी मुंबईत तिची जुळणी सुरू केली आणि ‘जीप’ हा शब्द मराठीत रुळला. जीप कुठेही जाते, हा विश्वासही तिच्यासोबत आला. तो विश्वास अर्धाच खरा आहे.

फोर-व्हील ड्राइव्ह इंजिनाचा जोर चार चाकांत वाटते, म्हणून गाडी चढ चढते, रुतलेली निघते. पण ब्रेक तर साध्या गाडीलाही चारही चाकांना असतात. थांबताना पकड टायर आणि जमीन यांच्यातच मिळवावी लागते. ताशी ४० किलोमीटर वेगात कोरड्या डांबरावर ब्रेक लावल्यापासून सुमारे ९ मीटरमध्ये थांबणारी गाडी गुळगुळीत बर्फावर ६० मीटरहून जास्त घसरत जाते. त्यात फोर-व्हीलचा लिव्हर ओढलेला असला तरी एक मीटरही कमी होत नाही. उलट चढ सहज चढल्यामुळे चालकाला घसरण कळत नाही, ती उतारावर कळते.

म्हणून उतार सुरू होण्याआधीच लो गिअर टाकायचा, मध्येच बदलायचा नाही. क्लच दाबून गाडी सोडायची नाही. तिला इंजिनानंच धरून ठेवायचं. चाकं लॉक झाली, तर ब्रेक थोडा सोडायचा, म्हणजे चाकं फिरतील आणि स्टेअरिंग पुन्हा ऐकेल. चारही चाकांना साखळ्या असतील तर उत्तम. फक्त पुढच्यांना लावल्या तर उतारावर मागचा भाग फिरून पुढे येऊ शकतो. आणि कोरडा रस्ता लागला की साखळ्या काढायच्या. जुन्या जीपसारख्या गाडीत फोर-व्हीलही सोडायचं, नाहीतर वळणावर पुढच्या-मागच्या चाकांच्या ओढाताणीत गिअरचे दाते झिजतात.

पांदणीवर चूक झाली, तर गाडी बांधीत उतरते, चार माणसं आणि एक ट्रॅक्टर येऊन ती बाहेर काढतात, वर थोडी थट्टा होते. घाटात रस्त्याच्या कडेला बांधी नसते, दरी असते. तिथे जाताना जीपवरचा विश्वास निम्मा घरीच ठेवून जावा.