दफ्तराची किल्ली कोणाच्या हातीं?

सरकारी दफ्तरांतील कागद पाहण्याचा हक्क लोकांना आहे, असें कायद्याच्या पुस्तकांत लिहून ठेवणें फारसें अवघड नाहीं. खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. एखाद्या नागरिकानें कागद मागितला आणि ‘तो गुप्त आहे, देतां येत नाहीं’ असें खात्यानें कळविलें, तर त्या उत्तराची शहानिशा कोणीं करावयाची? कागद खात्याच्या कपाटांत असतो. मागणारानें तो पाहिलेला नसतो. आणि न्यायाधीशालाही तो पाहण्याची मुभा नसेल, तर अपिलाला अर्थ तो काय उरला? या प्रश्नाचा उलगडा अमेरिकेंत १९७१ ते १९७४ या काळांत ज्या रीतीनें झाला, तो इतिहास मोठा बोधप्रद आहे.

अमेरिकेचा माहिती-स्वातंत्र्याचा कायदा अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या सहीनें ४ जुलै १९६६ रोजीं मंजूर झाला व बरोबर एका वर्षानें अमलांत आला. त्याच्यामागें कॅलिफोर्नियाचे प्रतिनिधि जॉन मॉस यांचे १९५५ पासूनचे अविरत परिश्रम होते. त्यापूर्वीं कागद मागणाराला त्या कागदाशीं आपला प्रत्यक्ष संबंध दाखवावा लागे. नव्या कायद्यानें ती अट काढून टाकली. कोणीही मागावें आणि खात्यानें द्यावें, हा नियम झाला. न देणें हा अपवाद झाला. असे अपवाद नऊ होते. त्यांतील पहिला अपवाद राष्ट्रसंरक्षण किंवा परराष्ट्रधोरण यांच्या हितासाठीं अध्यक्षांच्या आज्ञेनें गुप्त ठेवावयाच्या बाबींचा, आणि पांचवा सरकारी खात्यांच्या आपसांतील सल्लामसलतीचा. नकार मिळालेल्या अर्जदारास न्यायालयांत जातां येई, आणि तेथें नकार योग्य होता हें सिद्ध करण्याचा भार सरकारवर असे. योजना चांगली होती. तिची कसोटी मात्र अद्याप लागावयाची होती.

ती कसोटी लागली एका ओसाड बेटामुळें. अलास्काच्या पश्चिमेस समुद्रांत ॲल्युशियन बेटांची लांबच लांब माळ पसरलेली आहे. तींतील अम्चिट्का नांवाच्या बेटावर अमेरिकन सरकारनें १९६५ आणि १९६९ सालीं भूमीच्या पोटांत अण्वस्त्रांचे स्फोट करून पाहिले होते. १९७१ सालीं तेथेंच जवळजवळ पांच मेगाटन शक्तीचा स्फोट सुमारें १,८०० मीटर खोलीवर करण्याचें ठरलें. अमेरिकेनें भूमिगत म्हणून केलेल्या सर्व स्फोटांत हा सर्वांत मोठा होता. पॅसिफिक महासागराच्या कांठच्या लोकांना त्याची धास्ती वाटणें साहजिक होतें. अलास्कांतील १९६४ चा प्रचंड भूकंप सर्वांच्या स्मरणांत ताजा होता. हवाई बेटांतील लोकांची आठवण तर त्याहूनही जुनी होती. १ एप्रिल १९४६ रोजीं याच ॲल्युशियन बेटांजवळ भूकंप होऊन उसळलेली लाट हवाईपर्यंत येऊन थडकली होती. तिनें तेथें दीडशेंहून अधिक माणसें नेलीं, आणि हिलो शहराची धूळधाण केली.

त्या हवाईच्या प्रतिनिधि म्हणजे पॅट्सी मिंकबाई. त्यांचा जन्म १९२७ सालीं माउई बेटावर, एका जपानी वंशाच्या कुटुंबांत झाला. १९६५ पासून त्या अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाच्या सभासद होत्या. या स्फोटाविषयीं निरनिराळ्या खात्यांनीं अध्यक्ष निक्सन यांना परस्परविरोधी सल्ले दिले आहेत, अशा आशयाचें वृत्त जुलै १९७१ मध्यें वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध झालें. मिंकबाईंनीं अध्यक्षांना तार केली आणि त्या शिफारशी व अहवाल तात्काळ प्रसिद्ध करावे अशी मागणी केली. नकार आला. तेव्हां त्यांनीं आणि त्यांच्या बत्तीस सहकाऱ्यांनीं माहिती-स्वातंत्र्याच्या कायद्याखालीं न्यायालयांत दावा लावला.

सरकारतर्फे परराष्ट्र खात्याच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याचा प्रतिज्ञालेख दाखल झाला. कागदांपैकीं बहुतेकांवर ‘गुप्त’ किंवा ‘अतिगुप्त’ असा शिक्का आहे आणि सर्वच अंतर्गत सल्ल्याचे आहेत, एवढाच त्याचा मथितार्थ. खालच्या न्यायालयानें तेवढ्यावर दावा निकालांत काढला. अपील न्यायालयानें मात्र अधिक खोलांत शिरून पाहिलें. एका फायलींत जोडलेल्या कागदांपैकीं एक अतिगुप्त असला, कीं संपूर्ण फायलीवर अतिगुप्ताचा शिक्का बसावा, असा त्या वेळचा दफ्तराचा नियम होता. म्हणजे स्वतःच्या गुणानें मुळींच गुप्त नसलेला कागद केवळ शेजारामुळें गुप्त ठरूं शके! म्हणून न्यायाधीशानें हे कागद आपल्या दालनांत एकांतीं वाचावे, जे खरोखर गुप्त असतील ते बाजूस ठेवावे आणि बाकीचे मोकळे करतां येतात कीं काय हें ठरवावें, असा आदेश अपील न्यायालयानें ऑक्टोबर १९७१ मध्यें दिला. सरकारनें त्यावर सर्वोच्च न्यायालयांत धांव घेतली.

स्फोट थांबला नाहीं. तो थांबवावा म्हणून इतरांनीं केलेला निराळा अर्ज सर्वोच्च न्यायालयानें चार विरुद्ध तीन मतांनीं फेटाळला, आणि त्याच दिवशीं, ६ नोव्हेंबर १९७१ रोजीं, अम्चिट्काची भूमि हादरली. ज्या लाटेचें भय होतें ती आली नाहीं, हें प्रामाणिकपणें नमूद केलें पाहिजे. परंतु संकट टळलें म्हणून प्रश्न मिटला असें नव्हे. धोका पत्करण्यापूर्वीं जाणत्या माणसांनीं काय सल्ला दिला होता, हें त्या धोक्याच्या छायेंत राहणाऱ्यांना कळावें कीं नाहीं, हा वाद अनिर्णितच होता.

त्याचा निकाल स्फोटानंतर चौदा महिन्यांनीं, २२ जानेवारी १९७३ रोजीं लागला. पांच विरुद्ध तीन मतांनीं मिंकबाई हरल्या. न्यायमूर्ति व्हाइट यांनीं बहुमताचा निर्णय लिहिला. अध्यक्षांच्या आज्ञेप्रमाणें कागदावर शिक्का बसला आहे एवढें दिसलें कीं पुरे. शिक्क्याखालीं काय आहे हें पाहण्याचा अधिकार या कायद्यानें न्यायालयास दिलेला नाहीं, असें त्यांचें म्हणणें. अंतर्गत सल्ल्याच्या कागदांविषयीं मात्र त्यांनीं थोडी वाट मोकळी ठेविली. मत आणि वस्तुस्थिति निराळी काढतां येत असेल तर वस्तुस्थितीचा भाग द्यावा, असें सांगितलें. न्यायमूर्ति स्टुअर्ट यांनीं निकालास संमति दिली, पण दोष कोठें आहे तें स्पष्ट केलें. शिक्का वाईट हेतूनें मारलेला असला तरी त्याला आव्हान देण्याची सोय कायदे करणारांनींच ठेवलेली नाहीं, असा त्यांचा अभिप्राय होता. न्यायमूर्ति ब्रेनन, मार्शल आणि डग्लस यांचें मत या बाबतींत विरुद्ध पडलें.

न्यायालयानें चेंडू असा कायदेमंडळाकडे टोलविला, आणि काळही अनुकूल ठरला. वॉटरगेट प्रकरणांत राष्ट्रहिताच्या नांवाखालीं काय काय झांकलें जाऊं शकतें याचा प्रत्यय साऱ्या देशाला आला. ९ ऑगस्ट १९७४ रोजीं निक्सन यांनीं अधिकारपद सोडलें. त्याच वर्षीं काँग्रेसनें कायद्याची दुरुस्ती मंजूर केली. नवे अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनीं १७ ऑक्टोबर रोजीं तिला नकाराधिकार वापरला. लष्करी व राजनैतिक गुपितें तोलण्याचें ज्ञान न्यायाधीशांपाशीं नसतें, हा त्यांचा आक्षेप सर्वस्वीं निराधार होता असें म्हणतां येणार नाहीं. परंतु प्रतिनिधिगृहानें २० नोव्हेंबर रोजीं ३७१ विरुद्ध ३१, आणि सेनेटनें दुसऱ्या दिवशीं ६५ विरुद्ध २७ मतांनीं अध्यक्षांचा नकार मोडून काढला.

या दुरुस्तीनें शिक्का पुरेसा राहिला नाहीं. तो योग्य रीतीनें व योग्य कारणासाठीं मारला आहे काय, हें तपासण्याचा आणि त्यासाठीं कागद एकांतीं वाचण्याचा अधिकार न्यायाधीशास मिळाला. गुप्त मजकूर वगळून उरलेला भाग देणें बंधनकारक झालें. चालढकलीसही आळा बसला. अर्जाचें उत्तर दहा कामाच्या दिवसांत, आणि खात्यांतील वरिष्ठाकडे केलेल्या अपिलाचें वीस दिवसांत द्यावें, असें ठरलें. पुढें १९९६ च्या दुरुस्तीनें पहिली मुदतही वीस दिवसांची केली, आणि २०१६ च्या कायद्यानें अपील करण्यास अर्जदाराला निदान नव्वद दिवस मिळाले. सर्व कांहीं सुरळीत झालें असें मात्र नाहीं. राष्ट्रसंरक्षणाचा प्रश्न आला कीं न्यायालयें अधिकाऱ्यांच्या प्रतिज्ञालेखास अद्यापही मोठें वजन देतात. तथापि, पाहूं शकणें आणि पाहण्याचा अधिकारच नसणें, यांत अंतर आहे.

हिंदुस्थानांतही हाच प्रश्न पुढें उभा राहिला. महाराष्ट्रानें आपला स्वतंत्र कायदा केल्यानंतर १२ ऑक्टोबर २००५ पासून माहितीच्या अधिकाराचा केंद्रीय कायदा अमलांत आला. त्यांत पहिलें अपील तीस दिवसांच्या आंत त्याच कार्यालयाच्या वरिष्ठाकडे, आणि दुसरें नव्वद दिवसांच्या आंत माहिती आयोगाकडे करावयाचें असतें. नकार सयुक्तिक होता हें दाखविण्याचा भार अधिकाऱ्यावर असतो. तक्रारीच्या चौकशींत आयोगाला हवा तो कागद पाहतां येतो, आणि कोणत्याही सबबीवर तो त्याच्यापासून लपवितां येत नाहीं. ज्या अधिकारावांचून मिंकबाईंचा दावा बुडाला, तोच या कलमांत स्पष्ट शब्दांनीं लिहिलेला आहे.

मिंकबाई २००२ सालीं निवर्तल्या. कायद्याच्या इतिहासांत त्यांच्या नांवाचा दावा हरलेला दावा म्हणूनच नोंदलेला आहे. परंतु कायद्याचें छिद्र कोठें आहे हें त्या पराभवानेंच उघड केलें, आणि दोन वर्षांच्या आंत तें बुजविलें गेलें. नकाराचें पत्र हातीं पडल्यावर जो नागरिक गप्प न बसतां अपिलाचा अर्ज लिहावयास घेतो, त्याच्या त्या अर्जाला जें कांहीं बळ आहे, तें अशा हरलेल्या दाव्यांतूनच आलेलें आहे.