अन्न खरेदी कार्यक्रम (ब्राझील)

ब्राझीलमध्ये राष्ट्राध्यक्ष लुला यांच्या ‘शून्य भूक’ धोरणांतर्गत २००३ मध्ये सुरू झालेली योजना. घरच्या श्रमावर चालणाऱ्या लहान शेतांतील धान्य, भाजीपाला, दूध सरकार विकत घेते व गरजूंना पुरवते. निविदेतून दिलेली सूट हे तिचे मर्म. सर्वांत कमी दराच्या चढाओढीत अल्पभूधारक मोठ्या व्यापाऱ्यापुढे टिकणे कठीणच. म्हणून स्थानिक बाजारभावावरून दर ठरतो आणि प्रत्येक कुटुंबाच्या वार्षिक विक्रीला कमाल मर्यादा असते. याच धर्तीवर २००९ च्या कायद्याने शालेय भोजनाच्या केंद्रीय निधीतील किमान ३०% रक्कम कौटुंबिक शेतीच्या मालासाठी राखली. भूसुधार वसाहती, आदिवासी व किलोंबोला (पलायन केलेल्या आफ्रिकी गुलामांचे वंशज) समाज यांना प्राधान्य मिळाले. २०२१ मध्ये मूळ योजनेची जागा दुसऱ्या योजनेने घेतली. २०२३ मध्ये मूळ योजना पुन्हा आली.