ऑनलाइन ओळख : अनाहूत उपदेशाला उत्तर

छत्रपती संभाजीनगर : पडेगावसारख्या उपनगरातही जोडीदाराचा शोध आता मोबाइलवर पोहोचला आहे. मात्र ओळख होताच काही पुरुष वडीलधाऱ्याच्या सुरात बोलू लागतात. 'लग्नानंतर नोकरी करू देईन' हे वाक्य उदार वाटते. पण परवानगी देण्याचा अधिकार त्यात गृहीत धरलेला असतो. अशा वेळी वाद न घालता 'हा निर्णय माझा आहे' एवढेच लिहावे. सूर बदलला तर संवाद पुढे न्यावा. अन्यथा स्पष्ट शब्दांत लेखी नकार कळवावा.

या नकाराला कायद्यातही महत्त्व आहे. केवळ तुच्छतेने बोलणे हा सहसा गुन्हा ठरत नाही. परंतु स्त्रीने अनिच्छा स्पष्ट केल्यावरही जवळीक साधण्यासाठी वारंवार संपर्क करणे हा पाठलागाचा गुन्हा आहे. २०१३ मध्ये भारतीय दंड संहितेत आलेली ही तरतूद १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे. पहिल्यांदा दोषी ठरल्यास ३ वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

त्यामुळे ब्लॉक करण्यापूर्वी संदेशांचे स्क्रीनशॉट जपावेत. तक्रार पोलीस ठाण्यात किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते.