मुंबईतील ऐतिहासिक चित्रपटगृहांचे आधुनिकीकरण आणि वारसा-जतन

प्रस्तावना

किल्ला अथवा लेणे यांना स्वतःच्या उत्पन्नावर उभे राहावे लागत नाही. चित्रपटगृहाला मात्र प्रेक्षक टिकवूनच जगावे लागते. त्यामुळे त्याचे आधुनिकीकरण अटळ ठरते. या प्रक्रियेत वारशाचा नेमका कोणता भाग जतन होतो, याचा विचार प्रस्तुत लेखात मेट्रो व इरॉस या मुंबईतील दोन चित्रपटगृहांच्या आधारे केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

बोलपटांच्या आगमनानंतर मुंबईत आर्ट डेको शैलीतील चित्रपटगृहे उभी राहिली. रीगल १९३३ मध्ये, तर मेट्रो व इरॉस १९३८ मध्ये सुरू झाले. मेट्रो हे मेट्रो-गोल्डविन-मेयर या अमेरिकी कंपनीचे होते. इरॉसची रचना सोराबजी भेडवार यांनी केली. चर्चगेट स्थानकासमोरील कोपऱ्यावरची तांबड्या वालुकाश्माची ही इमारत आणि तिचा टप्प्याटप्प्याने निमुळता होत गेलेला मनोरा ही त्या परिसराची ओळख बनली. तिच्या प्रेक्षागृहात बाराशेहून अधिक आसने होती.

दूरचित्रवाणी व व्हिडिओ यांच्या प्रसारानंतर एवढी आसने भरणे कठीण झाले. २००१ मध्ये महाराष्ट्र शासनाने बहुपडदा चित्रपटगृहांना करमणूक शुल्कात सवलत दिल्यावर एकपडदा चित्रपटगृहांची स्पर्धाशक्ती आणखी घटली.

रूपांतराच्या दोन पद्धती

मेट्रोचे २००६ मध्ये सहा पडद्यांच्या संकुलात रूपांतर झाले. दर्शनी भाग राहिला, परंतु एकसंध प्रेक्षागृह विभागले गेले. इरॉस काही वर्षे बंद राहून २०२४ मध्ये आयमॅक्स तंत्राच्या एकाच पडद्यासह पुन्हा सुरू झाले. त्याच्या बाह्यांगाचे संवर्धन झाले, मात्र आसने सुमारे तीनशेवर आली. २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या मुंबईच्या वास्तुसमूहात इरॉसचा अंतर्भाव आहे.

दोन्ही उदाहरणांत वास्तू वाचली आणि चित्रपटही तेथेच राहिला, हे यश लहान नव्हे. तथापि ज्या भव्य दालनासाठी वास्तू उभारली गेली, ते दालन मूळ स्वरूपात उरले नाही. बृहन्मुंबईच्या १९९५ च्या वारसा नियमावलीत द्वितीय श्रेणीच्या वास्तूंमध्ये छाननीअंती अंतर्गत बदलांस सामान्यतः मुभा होती. परिणामी रस्त्यावरून दिसणारा वारसा अधिक सुरक्षित राहतो आणि आतला वारसा वाटाघाटीचा विषय होतो.

निष्कर्ष

स्टॉल व बाल्कनी यांचे वेगळे दर आणि वेगळे जिने, तरीही सर्वांसमोर एकच पडदा, ही रचना शहराच्या सामाजिक इतिहासाचे साधन आहे. तिचे जतन आर्थिकदृष्ट्या शक्य नसेल, तर निदान बदलापूर्वी तिची नोंद होणे अगत्याचे आहे. आसनव्यवस्थेचे आराखडे, छायाचित्रे, तिकिटांचे दर आणि जुन्या कर्मचाऱ्यांच्या मुलाखती यांचे संकलन महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना अल्प खर्चात करता येईल. जिल्ह्याच्या व तालुक्याच्या गावांतील चित्रपटगृहे कोणत्याही वारसा यादीत येण्यापूर्वीच पाडली जात असल्याने हे काम तेथे अधिक निकडीचे आहे.